बाटलीचा नवस

माझ्या दादाला आवाज ऐकू यायचे, आणि ते शेजाऱ्यांच्या अँटेनातून येतात अशी त्याची पक्की खात्री होती. ऐंशीच्या दशकात विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीवर टीव्हीचे अँटेना दिसायला लागले आणि आमच्या घराचे हाल सुरू झाले. हातभट्टीची पोटात गेली की तो पत्र्यावर चढायचा, अँटेना वाकवायचा, खालच्यांच्या आयाबहिणी काढायचा. शुद्धीत असला की हाच माणूस मला गणितं शिकवायचा आणि शेजारच्या सिंधी भाभींचं पाण्याचं पिंप भरून द्यायचा. यातला खरा कुठला, ते लोकांना कळेना. मला तरी कुठे कळत होतं?

शेवटी चाळीतल्या मंडळींनी वडिलांना बोलावून सांगितलं, "आता एकदा जरी झालं, तर पोलीस बोलावून त्याला ठाण्याला पाठवू." ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. वडील अंबरनाथला कारखान्यात होते. वाद घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मान हलवून घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग उल्हासनगरच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. दारूचा थेंबही चालणार नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं. इकडे आईने बारवी धरणाकडच्या तिच्या माहेरच्या देवाला नवस बोलून ठेवला होता: पोरगं शांत झालं तर कोंबडा आणि बाटली. आणि दादा खरंच शांत झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पत्र्यावर कुणी चढलं नाही. भाभी त्याला पुन्हा "बेटा" म्हणायला लागल्या. श्रेय सगळं देवाच्या खात्यात गेलं. गोळ्यांना कोण नवस फेडतं?

नवस फेडायला आम्ही चौघं आईच्या माहेरच्या पाड्यावर गेलो. तिथला रिवाज असा, की बाटली देवापुढे थोडी ओतायची आणि उरलेल्यातला पहिला घोट ज्याच्यासाठी नवस त्याने घ्यायचा. आईच्या लेखी ती दारू नव्हतीच, तीर्थ होतं. देवाची पूजा करणाऱ्या भगताने पेला पुढे केला तसे दादाने हात पाठीमागे घेतले.

"आई, नको ना. डॉक्टर नको म्हणालेत."

"परसाद हाय तो देवाचा," भगत म्हणाला. "नाय बोलायचं नसतं."

"आई, अगं नको देऊस त्याला!" मी ओरडले. वडील कोंबड्याकडे बघत राहिले.

आई रडकुंडीला आली. "नवस अर्धा ठेवला तर देव उलटेल रे. एकच घोट, माझ्यासाठी." लहानपणी औषध पाजायची तशी तिने त्याची हनुवटी धरली. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

एसटीने परतताना विठ्ठलवाडीला उतरलो आणि डेपोच्या गर्दीत तो नाहीसा झाला. दिवेलागणीला आला तो झिंगून, आणि थेट पत्र्यावर. उपटलेला अँटेना भाभींच्या कपाळावर येऊन आदळला. पदराने रक्त दाबत त्या बाई वर बघून म्हणत होत्या, "बेटा, नीचे आ जा, गिर जाएगा." तेवढ्यात कुणीतरी पोलिसांना बोलावून आणलं. आई प्रत्येकाचे हात धरत होती. "घोटभरच होतं हो. देवाचं होतं ते." कुणाला काही कळत नव्हतं.

पुढे आम्ही त्याला भेटायला ठाण्याला गेलो. केस कापलेले होते. आईने डबा उघडून लाडू पुढे केले. त्याने विचारलं, "आई, नवस फिटला ना गं?"

"फिटला रे बाळा," आई म्हणाली.

"मग बरं झालं," असं म्हणून त्याने लाडू उचलला आणि खायला लागला.