निर्मलाताईंची उलटी चित्रं

निर्मलाताईंच्या भिंतीवरची निम्मी चित्रं कायम उलटी टांगलेली असत. बीडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या अ‍ॅपचे स्क्रीन कागदावर आखत. ग्राहकाने मागणी बदलली, की ताई आधी उठून त्या मागणीचं जुनं चित्र उलटं करत. नवं आखून होईतो त्यावरून कुणी काम करायचं नाही, असा त्याचा अर्थ.

"ताई, किती उलटापालट करता!" पोरं चिडवत.

"बायकोनं वांगी नको म्हणली, तरी तुमी वांगीच आणता व्हय?"

धर्मापुरीची बोली त्यांनी ऑफिसात कधी सोडली नाही. दर पंधरवड्याला काम दाखवायचं, दर पंधरवड्याला मागण्या बदलायच्या, आणि घाई करणारा मी त्यांचा वरिष्ठ. "सर, घाई तुमाला हाय, चित्राला न्हाई," असं म्हणत त्या शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवत.

मेंढ्यांच्या लसीकरणाचं अ‍ॅप करत होतो. लस मेंढपाळाच्या गावी पाठवायची, असं आधी ठरलं होतं. मग मेंढपाळांनीच सांगितलं, कळप गावी नसतो; जिथे उतरला असेल तिथे लस हवी. ताईंनी चित्र उलटं केलं आणि मेंढपाळांकडून नीट समजून घ्यायला त्या सिरसाळ्याकडे गेल्या. इकडे पाहुणे यायचे होते. उलटा कागद बरा दिसेना, म्हणून मी तो सरळ केला. पाहुणे गेल्यावर पुन्हा उलटा करायचं राहून गेलं. सरळ चित्र पाहून पोरांनी काम उरकलं. ताई परतल्या तोवर अ‍ॅप सुरूही झालं होतं. लस वडवणीकडच्या गावात पोचली आणि मेंढ्या सिरसाळ्याच्या माळावर मेल्या.

बैठकीत मालकांनी विचारलं, "जुनं चित्र सरळ कसं राहिलं?"

"मी उलटं करून गेलते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. जाताना चटणीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "वेळेवर जेवत जावा, सर." एवढंच.

परवा त्या वारल्या. शोकसभेत एक जुना सहकारी म्हणाला, "बाई लई हुशार. पर मेंढ्यांच्या कामात चुकल्या." तिथेही मी पाण्याचा ग्लास उचलला.

घरी येऊन मी भिंतीवरचा माझ्या निरोप समारंभाचा, हारतुऱ्यातला फोटो उलटा टांगला.

"कावून ओ असं?" बायकोने विचारलं.

"दुरुस्ती राहिलीय."

ती इथे करतो. तो कागद मी सरळ केला होता.