वेलांटीबाईंची वरची खोली

पस्तीस वर्षं बाईंनी छापखान्यात प्रुफं तपासली. औषधाच्या डब्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं, शाळेची पुस्तकं, मतदारांच्या याद्या, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व आली की त्यांच्या कपाळाला आठी पडायचीच. खिळे जुळवणारे जुळारी आधी पाठीमागे त्यांना 'वेलांटी' म्हणायचे, मग तोंडावर 'वेलांटीबाई' म्हणायला लागले आणि बाईंना ते पदवीसारखं वाटायला लागलं. त्यांचे यजमान तिथेच मशीनमन होते. सगळे त्यांना काका म्हणत. मशीनच्या धडधडीत काकांचे कान गेले, पुढे छापखानाही गेला आणि दोघं एकाच दिवशी घरी बसले.

घराच्या वर एक खोली होती, बाहेरून जिना असलेली. दोन रस्ते पलीकडे मोठं हॉस्पिटल. बाईंच्या बहिणीच्या मुलीने खोलीचे फोटो काढले आणि दोन-चार दिवसांसाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एका साइटवर ती टाकून दिली.

"मावशी, पेशंटबरोबर आलेली माणसं हॉस्पिटलच्या बाकावर झोपतात गं. तुझी खोली म्हणजे त्यांना स्वर्ग!"

स्वर्ग नव्हता, पण चादरी इस्त्रीच्या असायच्या आणि बादली घासलेली. पाहुणे येत राहिले. कुणी जाताना हसत गेलं, कुणी डोळे पुसत. साइटवर लोक खोलीबद्दल चांगलं लिहीत, आणि त्यातल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करत बाई ते काकांना पाटीवर खडूने लिहून दाखवत.

पाहुण्यांच्या मागोमाग खोट्या मेलही यायला लागल्या. 'तुमचे खाते बंद होत आहे, ताबडतोब इथे दाबा.' भाची काळजी करायची. बाई मात्र तांदळातले खडे निवडावेत तशा त्या मेल निवडून काढायच्या.

"हे बघ, 'आदरनिय' लिहिलंय. एका शब्दात दोन चुका! असला माणूस माझा काय आदर करणार?" असं म्हणून त्या मेल पुसून टाकत.

दोन वर्षं असं निभावलं. मग एका सकाळी, चहा गाळायच्या आधी, एक मेल आली. तुमच्या खोलीत छुपा कॅमेरा असल्याची तक्रार एका पाहुण्याने केली आहे, असं तिच्यात होतं. आपली बाजू चोवीस तासांत मांडावी, अन्यथा खोली साइटवरून काढण्यात येईल. खाली लिंक.

बाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. आपल्या घरात कॅमेरा? त्या खोलीत बायका राहून गेल्या होत्या, लेकीबाळी राहून गेल्या होत्या. त्यांनी मेल दोनदा वाचली, एकेका शब्दावर नजर थांबवून. मजकुरात बोट ठेवायला जागा नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. इतकं शुद्ध लिहिणारा खोटं कसं बोलेल? त्यांनी लिंक दाबली, नाव भरलं, पासवर्ड भरला आणि समोर आलेल्या चौकटीत लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्या घरात असली गोष्ट कधी घडली नाही, घडणार नाही, असं त्यांनी पोटतिडकीने लिहिलं. ते उत्तर कुणीच वाचणार नव्हतं. पासवर्ड मात्र हातोहात गेला होता.

पाचव्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. दारात एक माणूस, त्याची बायको आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय उभे राहू न शकणारे त्याचे वडील.

"वरची खोली आमच्या नावावर आहे," माणूस म्हणाला. "आठ दिवस. बाबांचं उद्या ऑपरेशन आहे."

"वर तर पाहुणे आहेत," बाई गोंधळून म्हणाल्या. "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा."

त्याने फोन पुढे केला. खोली बाईंची, फोटो बाईंचा, पत्ता बाईंचा. भाडं निम्मं आणि खालचा फोन नंबर भलत्याचाच. सगळे पैसे आगाऊ घेतलेले.

"तुम्हीच फोनवर बोललात ना परवा?" बायकोने विचारलं.

"मी नाही हो. मी नव्हते ती."

म्हातारे गृहस्थ एव्हाना दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी नुसतं पाणी मागितलं. बाईंनी त्यांना आत नेलं आणि आपल्या पलंगावर झोपवलं. ते आठ दिवस बाई आणि काका स्वयंपाकघरात जमिनीवर झोपले. ती माणसं बोलायला चांगली होती, पण बाईंनी चहा दिला की बायको आधी नवऱ्याकडे बघायची. जाताना ती म्हणाली, "तुमचा काही दोष नाही हो." म्हणाली, पण पायऱ्यांकडे बघत.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. हे कुटुंब आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तशीच फसगत झालेले दोन भाऊ आले. त्यांना ठेवायला घरात कोपरा उरला नव्हता. थोरल्याने फाटकात उभं राहून सगळी गल्ली गोळा केली. काकांना शब्द ऐकू येत नव्हते. त्यांना वाटलं पाहुणे आले आहेत, आणि ते हसतमुखाने "या, या" म्हणत पुढे गेले. त्या हसण्याने तर थोरला आणखीच पेटला. शनिवारी आलेल्या तिसऱ्याने आवाजही चढवला नाही. त्याने बाईंचा, दाराचा आणि घर क्रमांकाचा फोटो काढला आणि तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो फोटो शेजारणीच्या फोनवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'या बाईपासुन सावध राहा.' 'पासून'मधला उकार ऱ्हस्व होता. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

भाची धावत आली. तिने ती मेल उघडली, अक्षरं मोठी केली आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. साइट चालवणाऱ्या कंपनीच्या नावात जिथे इंग्रजी 'एम' हवा, तिथे 'आर' आणि 'एन' चिकटून बसले होते.

"मी मजकूर तपासला गं," बाई म्हणाल्या. "पत्ता नाही तपासला."

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि कागदावर शिक्का मारून दिला. भाचीने कंपनीला कळवलं, मग बाईंनी रोज एक पत्र धाडलं. रोज तेच उत्तर यायचं: आम्ही आपली अडचण समजू शकतो. तेही मशीनने पाठवलेलं. तक्रारींमुळे खोली साइटवरून गेली, तिच्याबरोबर दोन वर्षांतल्या माणसांनी लिहिलेलं सगळं गेलं.

या गोंधळात आणखी एक मेल आली. 'आदरनीय यजमान, आपली ओळख पटवन्यासाठी तीन दिवसांत खालील लिंकवर जावे.' बाई कडवट हसल्या. दुधाने तोंड पोळलं होतं, आता पुन्हा कोण फसतंय! त्यांनी ती पुसली, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना जरा हुशारी वाटली.

दोन आठवड्यांनी भाचीने प्रयत्नांची शर्थ करून कंपनीतलं एक जिवंत माणूस फोनवर मिळवलं. फोन ठेवून ती बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, ती मेल त्यांचीच होती. खरी होती."

"खरी? तिच्यात दोन चुका होत्या!"

"असतील. मुदत संपली आता. या पत्त्यावर पुन्हा खातं उघडता येणार नाही म्हणे. दुसऱ्या साइटवर टाकूया का आपण?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. काकांनी खुणेने विचारलं, काय झालं? बाईंनी पाटीवर लिहायला खडू घेतला, आणि तसाच खाली ठेवला.

वरची खोली आता एका औषधविक्रेत्याने खोकी ठेवायला घेतली आहे. पलंग विकला. हॉस्पिटलमधली माणसं अजून गल्लीत येऊन खोली विचारतात, आणि शेजारीण त्यांना हाताने पुढचा रस्ता दाखवते.

बाई आता कुठलीच मेल घरी उघडत नाहीत. विजेचं बिल असो की बँकेची सूचना, भाचीकडून कागदावर छापून घेतात आणि त्या त्या ऑफिसात जाऊन खिडकीवर विचारतात, "हे तुमचंच ना?" विजेच्या ऑफिसातला कारकून त्यांना लांबून बघूनच मान डोलावतो.

गेल्या महिन्यात त्या बँकेत गेल्या. खिडकीतल्या मुलीने कागद घेतला, वाचला, उलटून पाहिला, शेजारच्या अधिकाऱ्याला दाखवला. त्यानेही चष्मा वर करून वाचला.

"बहुतेक आमचंच असावं," तो म्हणाला.

"बहुतेक?"

"असं करा आजी, तूर्त काहीच करू नका."

बाईंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.