ओविदिओची टाळी

ओविदिओ स्कार्पातीने लानूस या उपनगरात जन्मभर बस चालवली, पण बसबद्दल तो चकार शब्द काढत नसे. बोलायचा तो विस्तवाबद्दल. दर रविवारी मागच्या अंगणात लाकडं पेटवायची, ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरेपर्यंत थांबायचं आणि मगच जाळीवर बरगड्या ठेवायच्या, हा त्याचा नेम. लग्नापासून त्याने चिमटा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. मेव्हणा टिटो एकदा मदतीला सरसावला, तर म्हणाला, "तू वाइन ओत. तेवढं तुला जमतं."

जेवता जेवता कुणीतरी ओरडायचं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि सगळं टेबल टाळ्या पिटायचं. हे तर घरोघरी चालतं. मांस चामड्यासारखं झालं तरी लोक आपले टाळ्या देऊन मोकळे होतात. स्कार्पातींच्या घरी मात्र टाळ्यांची खिरापत नव्हती. एका रविवारी बरगड्या करपल्या, तेव्हा टिटोने उचललेले हात ओविदिओनेच खाली दाबले. "आज नाही. आज मी माती खाल्ली." त्याची लहानगी लेक नोएलिया शेजारी बसून हे बघत होती.

तीच नोएलिया मोठी होऊन बंदराजवळच्या एका महागड्या स्टेकहाउसात जाळीवरची मुख्य झाली. ओविदिओने ते बेकरीवाल्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, दुसऱ्या फुटबॉल क्लबचा झेंडा लावतो म्हणून ज्याच्याशी अबोला होता त्या न्हाव्यालाही सांगितलं. "एवढ्या मोठ्या ठिकाणी निखाऱ्यांपुढे बाई! आणि ती माझी पोर!" घरी तिने चिमट्याला कधी हात लावलेला नाही, हे मात्र तो सांगत नसे.

एका शनिवारी तिने आईबापाला जेवायला बोलावलं, तेही आठ वाजता. ओविदिओ कोट घालून बसला खरा, पण कुरकुर थांबेना. "आठला कोण जेवतं? इतक्या लवकर? ही काय वेळ आहे?"

"परदेशी पाहुणे जेवतात," त्याची बायको इर्मा म्हणाली. "गप बस, म्हाताऱ्या. पोरीनं बोलावलंय."

स्टेक आला. थाळी देखणी होती. ओविदिओने एक घास घेतला, मग दुसरा, आणि सुरी खाली ठेवली. वरून काळं, आत थंडगार. निखारे होण्याआधीच ज्वाळेवर टाकलेलं मांस. त्याने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" इर्मा म्हणाली. "मी पाणी पितेय."

तेवढ्यात नोएलिया बाहेर आली. धगीने तोंड लालबुंद झालेलं. बाजूच्या टेबलावरचे पाहुणे मान डोलावत तिचं कौतुक करत होते, पण ती बापापाशी येऊन थांबली. "कसं झालंय, पापा?"

एक टाळी दिली असती तर पोर खुशीत परत गेली असती. साऱ्या गल्लीत मिरवलेली फुशारकीही शाबूत राहिली असती. ओविदिओचे हात टेबलावरून उचलले गेले आणि पुन्हा टेबलावरच टेकले.

"आज नाही, पोरी."

इर्माने टेबलाखालून त्याला लाथ मारली. नोएलियाचे डोळे भरून आले. मग तिने खुर्ची ओढली आणि पाहुण्यांसारखी बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "इथं रोज सगळे वाहवा करतात. मला वाटायला लागलं होतं, माझीच जीभ बिघडलीय. निखारे व्हायच्या आत हे लोक येऊन बसतात आणि मालक म्हणतो, टाक."

"आणि तू टाकतेस?"

"टाकते. विस्तवापुढे उभं राहून 'थांबा' म्हणायचं मी कुठं शिकणार होते? घरी तू मला कधी चिमटा दिलास?"

घरी परतताना बसमध्ये ओविदिओ आपल्या हातांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नोएलिया अंगणात आली तेव्हा लाकडं नुसती रचून ठेवलेली होती. ओविदिओने चिमटा तिच्या हाती दिला आणि टेबलाशी जाऊन बसला. बसून हातांचं काय करायचं हे त्याला समजेना. कधी काटा सरळ करी, कधी पाव कुस्करी.

"अगं, टाक की आता जाळीवर!" टिटो ओरडला. "भुकेनं जीव चाललाय माझा!"

नोएलियाने मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब, मामा. तू वाइन ओत. तेवढं तुला जमतं."

इर्मा फस्सकन हसली. ओविदिओने मान खाली घातली, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

सावकाश निखारे झाले, सावकाश बरगड्या झाल्या. ओविदिओने पहिला घास तोंडात घातला. टाळीसाठी कुणीच ओरडलं नाही, सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. तो उठला तशी खुर्ची मागे पडली. मग त्याने अशा टाळ्या पिटल्या की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"ही माझी पोर!" त्याने तिला ओरडून सांगितलं. शेजारीण नोएलियाला पाळण्यात असल्यापासून ओळखत होती.

जेवणं झाली, सगळे पांगले. चिमटा नोएलियाच्या कमरेला खोचलेलाच होता. ओविदिओने तो परत मागितला नाही.