पोकलेनच्या पुढं आत्या

माझ्या आत्यानं मला चार वर्षं घोटभर पाणी दिलं नाही. आमच्या करमाडकडं दारात आलेल्या परक्या माणसाला, अगदी लाइटबिल वाटणाऱ्यालासुद्धा, आधी पाण्याचा तांब्या देतात. मी ओट्यावर बसलो की ती म्हणायची, "तुला द्यायला माझ्याकडं पाणी नाय. तूच नेलंस की!" आणि गव्हातले खडे वेचत बसायची. या एका वाक्यापलीकडं ती माझ्याशी बोलतही नव्हती.

खोटं थोडंच बोलत होती! मी पोकलेन चालवतो. रस्त्याचं काम निघालं, त्याला मुरूम पाहिजे होता, आणि आमच्या वावरात हातभर काळ्या मातीखाली मुरूमच मुरूम. मीच माझ्या मशीननं माझं वावर खरवडून दिलं. वरची काळी माती बाजूला जपून ठेवायची असते, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. ती माती, नको असलेले धोंडे, सगळं शेजारच्या नाल्यात ढकललं. नाला बुजला. त्याच्या खाली, बांधाला बांध लागून, आत्याचं वावर आणि तिची विहीर. दुसऱ्याच उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला.

रस्ता झाला, डंपर गेले, राहिला तो खड्डा. मी तिकडं फिरकायचंच टाळायचो. एकदा गाडीवरून कामावर निघालो होतो, तर गावातल्या बुद्धविहाराजवळ टँकरच्या रांगेत आत्या उभी, काखेत कळशी. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा मला सहा महिने जेवू घालणारी बाई ती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या हातानं बुजवलं त्याच हातानं उकरायचं, असं मी तिथंच ठरवलं.

त्या उन्हाळ्यात नाल्यातले धोंडे काढून खड्ड्यात भरले, वर तलावातला गाळ आणून पसरला. नाला मात्र खोल आणि सरळ काढला, एकदम पट्टीनं आखल्यासारखा. आम्हा ऑपरेटर लोकांना सरळ रेषेचं लई कौतुक! ग्रुपवर फोटो टाकले, अंगठे आले, मी खूश. मग जुलैत एक दणकून पाऊस झाला. पाणी आलं तसं सुसाट निघून गेलं, आणि जाताना माझा गाळ उचलून आत्याच्या कपाशीत टाकून गेलं. कपाशी आडवी. विहिरीला मात्र टिपूस नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्यानं बांधावर उभं राहून तिच्या शेळीला ऐकवलं, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा."

मी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात परत मशीन चालू केलं, तर आत्या पदर खोचून, हातात काठी घेऊन थेट बकेटसमोर उभी. मी घाबरून मशीन बंद केलं. तिनं मान वर केली नाही. बकेटकडं बघून म्हणाली, "ए पिवळ्या, इथून नाय. इथं वळ."

आणि काठीनं मातीत रेघ ओढत पुढं चालायला लागली. मी मागून मशीन आणत होतो. "इथं करंज व्हता. त्याच्या मुळाला धडकून पाणी तिकडं वळायचं." पुढं म्हणाली, "इथं डोह. दोरासाठी अंबाडी भिजत घालायचो आम्ही इथं, आठ दिवस वास जायचा नाय. हितं खोल कर." मग एक उथळ, खडकाळ जागा दाखवली, बायांची धुणं धुवायची. साठ वर्षांपूर्वीचा नाला तिच्या पायांना पाठ होता.

मी वरून ओरडलो, "आत्या, एवढी वळणं कशाला? पाण्याला उशीर व्हईल ना!"

ती बकेटला म्हणाली, "त्याला सांग, पाण्याला काय शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटीवर जायचंय?"

केबिनमध्ये मी एकटाच हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं आखलेला नाला काढायला तीन आठवडे लागले. वळणावर धोंडे रचले. माझ्या बायकोनं आणि आत्यानं काठावर मारवेल गवताचे ठोंब लावले, करंजाची रोपं लावली. परत गाळ आणून पसरला, त्यात तूर पेरली.

यंदाच्या पावसात एक वळण फुटलं, बरंच गवतही वाहून गेलं. ते मी परत करीन, त्याचं काय एवढं! पण पाणी वळणांवर अडलं, डोहात थांबलं, मुरलं. खड्ड्याच्या जागी तूर कमरेला लागली.

दिवाळीच्या आधी फुटलेलं वळण बघायला गेलो होतो. सवयीनं आत्याच्या दारात थांबलो. ती उठून आत गेली. मला वाटलं, झालं, निघावं आता. तेवढ्यात ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिला. पाणी तिच्या विहिरीचं, जरा गढूळ होतं. मी घाईघाईनं तोंडाला लावला, तर माझ्याकडं सरळ बघत खेकसली, "उभ्यानं काय पितोस, मेल्या? बस की!"

मी बसलो.