पिवळी कार्डं वरच्या फळीवर

तिचं नाव तिथं कुणालाच आठवत नव्हतं. सगळे म्हणायचे पिंजरेवाली मावशी. बावीस वर्षं प्राण्यांच्या खोलीत काढली, पण पांढऱ्या कोटवाल्यांना नाव विचारायची गरज पडली नाही, आणि त्यांच्या तोंडी आपलं नाव यावं अशी तिलाही हौस नव्हती.

काम उंदरांचं. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या डोक्यावर नळीतून वजन सोडायचं, म्हणजे अपघातात माणसाच्या मेंदूला बसतो तसा मार त्याला बसतो. मग चार तासांच्या आत सुई. अर्ध्यांना नवं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे खोलीत कुणाला कळू नये म्हणून पिंजऱ्यांना नुसती कार्डं, पिवळी नाहीतर पांढरी. पंधरा दिवसांनी उंदीर बोटभर रुंदीच्या पट्टीवरून चालवायचे आणि पाय किती वेळा घसरतो ते मोजायचं. मार द्यायला मोठे डॉक्टर. मार खाल्लेल्यांचा भुसा बदलायला, ओले दाणे भरवायला, मेलेले पिशवीत भरायला मावशी.

घरी सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून डोक्यावर पडलेला. शर्टाचं एक बटण लावायला अर्धा तास घ्यायचा आणि तेही चुकीच्या काजात. त्याच्यासाठीच ती ही सहा वर्षं तिथं टिकली, नाहीतर डॉक्टरांच्या अंगावर किल्ल्या फेकून कधीच चालती झाली असती.

त्या सकाळी डॉक्टर औषध कंपनीच्या दोन साहेबांना घेऊन आले. चेहरा फुललेला.

"मावशी, जिंकलो आपण. पिवळी कार्डं औषधाची निघाली. पाय निम्म्यानं कमी घसरले. आता माणसांना द्यायचं."

रजिस्टर पुढं सरकवलं. छापील ओळ होती: सर्व पिंजऱ्यांना प्रयोगभर सारखं तापमान मिळालं. खाली तिची सही हवी होती. बावीस वर्षं ती डोळे मिटून करत आली होती.

"चष्मा आणते," म्हणून ती पिंजऱ्यांच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. पिवळी सगळी वरच्या फळीवर, पांढरी सगळी खाली. तिनंच लावलेली. रंगवार लावले की धुताना गोंधळ होत नाही, आणि तिच्या या टापटिपीचं दहा जणांनी कौतुक केलेलं. वरच्या फळीला चिकटून एसीचं तोंड. वरचे उंदीर एकमेकांत घुसून गोळा झालेले, खालचे हातपाय ताणून पसरलेले. आणि थंडीत मार लागलेल्या मेंदूला सूज कमी येते, हे याच डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना शिकवताना तिनं झाडू मारता मारता शंभरदा ऐकलं होतं.

पहिला राग स्वतःचाच आला. मग तिनं दोन्ही फळ्यांवर थर्मामीटर ठेवले आणि पंधरा मिनिटं तिथंच उभी राहिली. वर अठरा. खाली चोवीस.

डॉक्टर आत आले. तिनं आकडे दाखवले.

"चूक माझी. मी रंगवार लावले. पाय औषधानं सावरले की थंडीनं, कळायचं नाही. पुन्हा करा, या वेळी पिंजरे मिसळून."

"मावशी, तुम्ही भुसा बदला. विज्ञान आमच्यावर सोडा."

"सोडलं होतं. वर्षभरात तुम्ही या फळीसमोर एकदा तरी उभे राहिलात का?"

डॉक्टरांनी बाहेरच्या साहेबांकडे नजर टाकली आणि आवाज मऊ केला. "तुमचा भाऊ आहे ना घरी तसा? माणसांवरच्या यादीत त्याचं नाव पहिलं घालतो. सही करा."

इतका वेळ तिनं आवाज चढवला नव्हता. आताही नाही चढवला.

"त्याला पडून सहा वर्षं झाली, डॉक्टर. तुमची सुई चार तासांची. ते घड्याळ मीच लावते. मला अडाणी समजा हवं तर, पण माझ्या भावाचं आमिष दाखवू नका."

ती बाहेर आली. साहेबांच्या देखत छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: वर अठरा, खाली चोवीस. पिवळे सगळे वर. मी लावले. पाहायला कुणी आलं नाही. मग सही. रजिस्टरच्या पानांना आकडे छापलेले, फाडायची सोय नाही. एका साहेबानं ते वाचलं, दुसऱ्याला दाखवलं, आणि दोघांनी बॅगा उचलल्या.

आठ दिवसांत तिला बाटल्या धुवायला पाठवलं. प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला, पण हे तिला कुणी सांगितलं नाही. बादली घेऊन जाताना काचेतून दिसलं, पिवळी-पांढरी कार्डं सरमिसळ लावलेली. तिनं वरची रांग दोनदा तपासली, मगच पुढं गेली.

घरी भावजयीला सगळं सांगितलं. भावजय भांडी घासत होती.

"देऊन तरी बघायचं होतं, ताई."

"ते त्याच्यासाठी नव्हतंच गं."

"तुम्हाला सगळंच कळतं," भावजय म्हणाली आणि नळ मोठा केला.

मावशी बाहेरच्या खोलीत आली. भाऊ खाटेवर बटणाशी झटत होता. ती शेजारी बसली. हात पुढं गेला होता, तो मागं घेतला.