वाढत्या मापाची जोडी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला-बूट शिवणारा एक गृहस्थ बसतो. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत, पाय मात्र जन्मभर राहतात. मला तो 'डावा चपटा' म्हणून ओळखतो. दुकान म्हणजे कपाटाचा धाकटा भाऊ. आत तो आणि त्याची बडबड, एवढंच मावतं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोला दिवस गेले, तेही जुळ्यांचे. गडी हवेतच! "अहो, आपल्याकडे माल जोडीनेच मिळतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जुळ्यांत रक्तदाब चढायची भीती जास्त. सूज आली, डोकं दुखलं, तर तडक या. सातव्या महिन्यात बायकोचे पाय सुजले. त्याची आई म्हणाली, "दोघं आहेत पोटात, पाय सुजणार नाहीत तर काय नाचणार?" आणि या पठ्ठ्याला त्या सुजेत एकच दिसलं, की चप्पल घट्ट होतेय. त्याने मऊ तळव्याची, रुंद पट्ट्यांची नवी जोडी शिवली. तीही रुतू लागली, तर आणखी मोठी. इतकी झकास, की बायको म्हणाली, "आता कसं मोकळं वाटतंय! तपासणीला जाऊ पुढच्या आठवड्यात."

"राणीसाहेबांची मर्जी," तो म्हणाला.

मग डोकं दुखू लागलं. सासूने बाम चोळला. एका सकाळी चहा गाळताना बायको "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत" म्हणाली आणि तिथेच कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस.

ऑपरेशन करून बाळं काढली. मूठभर मुलगी काचेच्या पेटीत श्वास घेत राहिली. मुलगा गेला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाय सुजले तेव्हा का नाही आणलंत?"

बायको शुद्धीवर आली. आईने त्याला दाराआड ओढलं. "दोन्ही पेटीत आहेत म्हण. परत झटका आला म्हणजे?" डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, रक्तदाब जरा उतरू दे, मग तुम्हीच सांगा. रक्तदाब उतरला. याची जीभ काही उचलेना. रोज खाटेशी बसून सांगायचा, "दोघं मजेत. तुझ्यासारखी झोपाळू."

एके दुपारी नर्सने दूध काढायला वाटी आणून दिली. बायकोने दात-ओठ आवळून तळ झाकेल इतकं दूध काढलं आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"सारखं वाटा हं दोघांत. मुलगा म्हणून त्याला जास्त नको."

तो वाटी धरून उभाच.

"अहो, जा ना. निवेल ते."

"सगळं तिलाच देतो," तो म्हणाला. "तिलाच लागेल."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या हातातून वाटी परत घेतली आणि भिंतीकडे वळून मुलाच्या वाटणीचं दूध काढू लागली.