माझ्यामुळे थांबलेलं गाव

सुलावेसी हे बेट नकाशात नेमकं कुठे आहे, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं, तेही हॅलिफॅक्सच्या आमच्या स्वयंपाकघरात, भेंडी चिरताना. यांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कॅलगरीला, फोनवर "मॉम, गेट सम हेल्प" एवढं म्हणायला मोकळा. मी तीस वर्षं युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवली, शंभर शंभर पोरांना वर्गात गप्प बसवलं, पण एका आडव्या झालेल्या माणसाला कुशीवर वळवणं मला एकटीला जमेना. शेवटी एक बाई ठेवली. पंचेचाळिशीची, बुटकी, मनगटं माझ्या दुप्पट. हाँगकाँगमध्ये बरीच वर्षं म्हातारी माणसं सांभाळून इकडे आलेली. आमच्याच बेसमेंटमध्ये राहायची. मला ती 'इबू' म्हणायची. तिच्या देशात मोठ्या बाईला तसं म्हणतात. आमचं बोलणं चालायचं इंग्रजीत, तिचं मोडकं आणि माझं मिरजेच्या वळणाचं. पण मला ते सगळं आठवतं मराठीतच, म्हणून तसंच लिहिते.

यांच्या पायांचे व्यायाम घेताना ती सुलावेसीतल्या तिच्या गावाबद्दल सांगायची. डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरं. जवळच्या बाजारापासून अर्ध्या वाटेपर्यंत जीप, पुढे दोन तास पायी. पावसाळ्यात रस्ता दरीत उतरतो, मग गावकरी नवा खणतात. घरांची छपरं दोन्ही टोकांना वर गेलेली. वाटेवरच निळ्या ताडपत्रीवर कॉफीच्या बिया वाळत घातलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने कडेने जायचं. आणि फोनची रेंज मिळायची फक्त चर्चखालच्या चढावर. ज्यांची माणसं परगावी, ती सगळी संध्याकाळी त्या चढावर फोन घेऊन उभी.

"आणि पाऊस असला तर?" मी एकदा विचारलं.

"छत्री घेऊन उभं राहायचं, इबू," ती म्हणाली. मला फार हसू आलं. हे सुद्धा हसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याचा जेवढा भाग अजून हसत होता तेवढा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात हे वॉशरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. तेव्हापासून त्या बाईवाचून आमचं पानही हलेना. हे तिच्याच हातून खात, तिच्याच खांद्यावर भार देऊन उभे राहत. मी जवळ गेले की अंग आखडून घेत. बायको असून मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी खाली आले तर ती ओट्यापाशी उभी राहून यांची लापशी ढवळत होती. डोळे सुजलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई गेली. परवा. बहिणीला चढावर यायला आज वेळ मिळाला."

"अरे देवा! अगं मग लापशी कसली ढवळतेस? ठेव तो चमचा." मी तिला खुर्चीत बसवलं, चहा केला. आणि आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तोच विचारला, "कधी नेलं?"

"मी तिकडे पोहोचल्यावर नेतील."

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की लगेच नेत नाहीत. औषधाचं इंजेक्शन देऊन, कापडात गुंडाळून घरातच ठेवतात. बाहेर नेईपर्यंत ते माणूस आजारी आहे असंच धरायचं. सकाळी त्याच्यापाशी कॉफी ठेवायची, दुपारी जेवण, आल्या-गेल्याचं सांगायचं. सगळी मुलं जमली, म्हशी-डुकरांची सोय झाली, की मग गावजेवण घालून न्यायचं. कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. आणि ही थोरली, हिच्याशिवाय म्हातारीला उंबऱ्याबाहेर काढणार नव्हते.

 आमच्याकडे घरात मढं असताना शेजारीपाजारीसुद्धा चूल पेटवत नाहीत. आधी नेतात, मग घोटभर चहा. आणि इथे कॉफी ठेवायची म्हणे! हा झाला पहिला विचार. दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तो म्हणजे, बरं झालं, म्हणजे घाई नाही.

तिच्याकडे पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना होता, पासपोर्ट होता, रजेचा हक्क होता. तिला अडवणारं जगात कोणी नव्हतं, माझ्याशिवाय. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुझी आई थांबणार आहे ना? मग यांना जरा चालायला लागू दे. नवीन वर्षात जा. तोवर मी दुसरं कोणी बघते." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, आणि ती मी अशी वापरली.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "चालेल, इबू," म्हणाली आणि उठून लापशी गाळायला लागली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी यांना जेवू घालून झालं की ती बेसमेंटच्या पायरीवर बसून फोनमध्ये बोलायची. ते रेकॉर्ड करून पाठवायची. बहीण ते चढावर उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन आईच्या कानाशी लावायची. मी वरून ऐकत असायची. भाषा कळत नव्हती, पण मधूनच यांचं नाव यायचं, एकदा स्नो आला, एकदा शोव्हल आलं. सगळा दिवस सांगत असावी. बहीण कधी व्हिडिओ पाठवी. आतली लाकडी खोली, लाल कापडाची मोठी गुंडाळी, शेजारी पितळी ताटलीत भात, आणि भिंतीला टेकून बसलेला तिचा बाप. म्हातारा कॅमेऱ्याकडे कधी बघायचा नाही.

जानेवारीत यांनी वॉकर धरून चार पावलं टाकली. मला एजन्सीने दोन बायका पाठवल्या. एकीवर यांनी थुंकी उडवली, दुसरी स्वतःच दुसऱ्या दिवशी आली नाही. मी म्हटलं, "मार्चमध्ये जा गं, बर्फ तरी कमी होईल." ती म्हणाली, "चालेल, इबू."

याच दिवसांतली एक दुपार. पडता पडता गोठणारा फ्रीझिंग रेन चालू होता, दिवे गेले होते, आणि आम्ही दोघी यांच्या पलंगाशेजारी ब्लँकेटं घेऊन बसलो होतो. कोण जाणे का, मी तिला माझ्या आईचं सांगितलं. वीस वर्षं झाली. इथून निघून मिरजेला पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. भावाने ती गेली त्याच संध्याकाळी सगळं उरकलं होतं. अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. "ठेवणार कसं गं, उन्हाळा किती," एवढंच तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. पण मी दारात बॅग टाकली आणि त्याला नको नको ते बोलले, आणि पुढे किती वर्षं राखीसुद्धा पाठवली नाही.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्यासाठी ठेवलं नाही त्यांनी? एक दिवस पण नाही?" आणि रडायला लागली. हुंदके देऊन, माझ्यासाठी. जिची आई मी तिकडे खोळंबवून ठेवली होती, ती बाई माझ्या आईसाठी रडत होती. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, ऊठ, बॅग भर. मी काय म्हणाले? "जाऊ दे गं, जुनं झालं ते." आणि तिला नाक पुसायला टिश्यू दिला.

मार्चमध्ये यांना न्यूमोनिया झाला. मी आणखी एक महिना मागितला. ती चालेल म्हणाली. तिच्या 'चालेल'ची मला इतकी सवय झाली होती, की मी तिच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा सोडलं होतं.

मला जागं केलं ते यांनी. न्यूमोनियातून उठल्यावर यांचा आवाज अगदीच बसला होता, एकेक शब्द दोन-दोन श्वासांनी यायचा. एका सकाळी ती ग्रोसरी आणायला गेली असताना यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तिचा बाप," हे म्हणाले, "भात खात नाही."

"काय?"

"बायको घरातून जाईपर्यंत. खायचा नाही. जुनी रीत. आता कोणी पाळत नाही. तो पाळतो." मध्ये खूप वेळ गेला. "पाच महिने. नुसते कंद. सुकलाय म्हणते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तीच. रोज सांगते. मी उलटून बोलत नाही ना." मग माझा हात त्यांनी शक्य तितका दाबला. "अगं, सोड तिला. माझं काय व्हायचं ते होईल."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी ओरडून सांगितलं नव्हतं, तसं हे होतं. ती पिशव्या घेऊन आत आली तेव्हा मी कोटसुद्धा काढू दिला नाही. "तुझा बाप भात खात नाही हे मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता; चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. ती खाली बघत म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, इबू."

दोन दिवसांत ती निघाली. मी स्वतः तिकीट काढलं, एअरपोर्टवर सोडायला गेले. बॅगेत बापासाठी लोकरीचा स्वेटर, मेपलच्या साखरेच्या वड्या आणि मी दिलेला बासमतीचा डबा. हा डबा द्यायला मला कसं सुचलं कोण जाणे. तिने तो उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हा मी त्याला माझ्या हाताने शिजवून घालीन." मुलगा रजा काढून कॅलगरीहून आला. तोपर्यंतच्या पाच रात्री मी यांना कुशीवर वळवलं, एकटीने. जमलं. दुखलं, पण जमलं. म्हणजे नोव्हेंबरातही जमलं असतं.

टोरंटो, हाँगकाँग, जकार्ता, तिच्या बेटावरचं मकासर, मग बस, मग जीप. सहाव्या दिवशी फोन आला. आधी नुसता वारा ऐकू येत होता. ती चढावर उभी होती.

"इबू, बाबा पण गेला. मी मकासरला उतरले त्या दिवशी."

 मी ओट्याला धरून उभी राहिले. एका दिवसाचा उशीर. आणि मी तिचे पाच महिने घेतले होते. मला वाटत होतं आता ही बोलेल, चांगली फाडफाड बोलेल, आणि मी ऐकून घेईन. मिरजेच्या दारात भावाने ऐकून घेतलं होतं तसं. पण ती शांतपणे सांगत राहिली. दोघं एकाच खोलीत आहेत. दोघांपुढे बासमती शिजवून ठेवला. गावाला वास फार आवडला. आता दोघांना बरोबरच नेणार, तीन आठवड्यांनी, सगळी भावंडं आली आहेत.

तीन आठवडे मी त्या घराचाच विचार करत होते. देवापुढे बसले तरी तीच लाकडी खोली दिसायची. न्यायच्या आदल्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. "इबू, उद्या नेणार. तुम्हाला काही सांगायचं असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. मी कानाशी लावीन. अजून ऐकतात ते."

एरवी मी म्हटलं असतं, हे काय खूळ! पण मी लगेच बोलले. इंग्रजीत सुचेना, मराठीतच बोलले. "मी तुमच्या मुलीला अडवून ठेवलं. ती पहिल्या दिवसापासून यायला तयार होती. तुम्ही थांबाल हे कळलं म्हणून मी अडवलं. तिच्यावर रागावू नका. चूक माझी आहे. मला क्षमा करा." एवढंच. पाठवून दिलं आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

पंधरा मिनिटांत तिचा फोन आला. "तुमची भाषा त्यांना कळणार नाही. मला सांगा काय म्हणालात, मी सांगते." मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द गाळला नाही.

 चढावर कोणाचं तरी पोर रडत होतं.

"पण इबू," ती म्हणाली, "मी त्यांना तसं नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं, कॅनडात फार बर्फ पडलाय, विमानं बंद आहेत. बाबा रोज विचारायचा बहिणीला, बर्फ वितळला का. शेवटच्या दिवशीसुद्धा तेच विचारलं म्हणे."

मी खिडकीबाहेर पाहिलं, अंगणात बर्फाचा कण नव्हता.

"आता खरं सांगावं लागेल," ती म्हणाली. "उद्या नेल्यावर खोटं दुरुस्त करता येत नाही. सांगू?"

मी म्हटलं, "सांग."